केरबा पेंटरचा पाचनंतरचा वर्ग

चित्राची एक रेघ ओढायची आणि लगेच चित्राकडं पाठ करून चालू लागायचं, ही रीत मी जन्मात एकाच वर्गात पाहिली. सांगलीला आमच्या नगरपालिकेच्या शाळेमागं पत्र्याची एक शेड होती. तिला तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूला अंगणाकडं सताड उघडणारं फळ्यांचं दार. संध्याकाळी पाचला शाळा सुटली की वीस-पंचवीस पोरं तिथं गोळा व्हायची. भिंतीला टेकवलेल्या कागदावर दोन-चार फटकारे मारायची, ब्रश खाली ठेवायची आणि अंगण ओलांडून चिंचेच्या झाडापर्यंत पंचवीस पावलं मोजत जायची. तिथं गर्रकन वळायचं, डोळे बारीक करायचे, आपलं चित्र बघायचं आणि परत येऊन पुढची रेघ. बघणाऱ्याला वाटावं, पोरांना कुणीतरी शिक्षा केली आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी त्या पेंटरला झापायला गेले.

"पोरांना पळवता कशाला हो असं? शाळा आहे ही, तालीम नाही."

"पळवत न्हाई बाई, बघाय लावतोय," तो म्हणाला. "पुढच्या खुर्चीवरच्याला कायबी दिसतंय. शेवटच्या रांगंतल्या माणसाला दिसलं, तर त्ये चित्र."

त्याचा आवाज खणखणीत होता. शिडीवरून खालच्या माणसाला हाका मारून मारून तो तसा झाला होता. साधी गोष्ट सांगितली तरी भांडल्यासारखी वाटे. माझाही आवाज काही मंजूळ नव्हता. त्यामुळं आमचं पहिलं बोलणं अर्ध्या शाळेनं ऐकलं.

केरबा नाटक कंपनीचा पडदे रंगवणारा. मूळचा जतकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पोरवयात मेंढरांमागं हिंडता हिंडता एका गावी नाटकाचा तंबू बघितला आणि मेंढरं भावाच्या हवाली करून तंबूमागं लागला, एवढंच त्यानं मला सांगितलं होतं. लग्न केलं नाही. कंपनीबरोबर वीस-बावीस वर्षं हिंडला. पुढं बोलपट आले, नाटकाला माणूस फिरकेना, आणि कंपनी सांगलीतच मोडली. मालक पुण्याला गेला, नट आपापल्या ट्रंका घेऊन पांगले. केरबाला मात्र मालक जाताना म्हणाला, पडद्यांवर लक्ष ठेव, पत्र पाठवतो. हा गडी दोन वर्षं पडद्यांवर लक्ष ठेवून बसला! पत्र काही आलं नाही. मालकाचा एक पाहुणा आला आणि पडदे विकून गेला. गुळाच्या पेठेत त्यांची ताडपत्री झाली. पुढं कितीतरी दिवस पेठेतून गुळाच्या गाड्या जात आणि त्यांच्यावर केरबाचा राजवाडा नाहीतर जंगल आवळून बांधलेलं असे. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडी नजरेआड होईपर्यंत बघत राही.

पोटासाठी तो पेठेत हळदीच्या पोत्यांवर अडत्यांच्या खुणा मारायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आमच्या शाळेत आला तो संमेलनाचा पडदा रंगवायला. चार दिवसांचं काम होतं. शाळा सुटली की पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करत. त्यानं हाकललं नाही. उलट गेरूत बुडवलेली एक लांब दोरी काढली, एक टोक एका पोराच्या हातात दिलं, दुसरं दुसऱ्याच्या, आणि म्हणाला, "ताणा. आता मधी धरून सोडतो बघा." सटकन आवाज झाला आणि पडद्यावर आरपार सरळ रेघ उमटली. पोरांनी अशी आरोळी ठोकली की हेडमास्तर बाहेर आले. पडदा चार दिवसांत संपला, संमेलन झालं, पण पेंटर आणि पोरं पाचला यायची थांबेनात. हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी शेड वापरू दिली आणि किल्ली माझ्याकडं दिली, कारण शाळेजवळ मीच राहत होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. भावाकडं राहत होते आणि ट्रेनिंग करून मास्तरीण झाले होते. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नव्हती. पण शाळा सुटल्यावर घरी जायची ओढ वाटावी, असं माझं तिथं काही नव्हतं. किल्ली देऊन निघून जाणं एवढंच माझं काम. मी मात्र शेडच्या कडेला स्टूल घेऊन वह्या तपासत बसायला लागले. पहिले काही दिवस वह्या खरंच तपासल्या.

फी नव्हती. एका पालकानं विचारलं, शिकवायचं काय घेता, तर केरबा गोंधळून म्हणाला, "घेतूय की. पोरं घेतूय." सामान म्हणाल तर सगळी जुळवाजुळव. लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. बोलपटाच्या जुन्या जाहिराती भिंतीवरून सोलून आणायच्या आणि त्यांच्या पाठीवर चित्रं काढायची. ज्या बोलपटानं त्याचा धंदा बुडवला, त्याच्याच पाठीवर! मी त्याला तसं चिडवलं तर म्हणाला, "पाठ कोरीच हाय की वो त्याची. पाठीशी कशाला भांडू?" फाटकी पोती धुऊन, त्यांना खळ आणि खडूचं अस्तर देऊन त्यांचेही पडदे केले जात. रंग म्हणजे गेरू, काजळी, निळीची पूड आणि चुना. त्यात गरम सरस ढवळायचा. त्या सरसाला असा वास यायचा की घरी गेल्यावर वहिनी नाकाला पदर लावायची.

खळीला ज्वारीचं पीठ लागे, आणि धान्य तर रेशनवर. पीठ कुठून येतं, हे मी विचारलं नव्हतं. एक दिवस दत्तू नावाचा पोरगा मला कौतुकानं सांगायला आला, "बाई, पेंटरमामा खळ खात्यात! मीठ घालून. खळ खाल्ली की हात थरथरत न्हाई, म्हनं." सगळ्या पोरांना ते चितारी लोकांचं काही गुपित वाटत होतं. दोघंतिघं तर घरी जाऊन पिठाची खळ करून प्याली होती. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की हा आपल्या वाट्याचं रेशनचं पीठ खळीला लावतो आणि उरलेली खळ रात्रीचं जेवण म्हणून खातो. मी खूप रागावले. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी फडक्यात बांधून नेल्या आणि त्याच्यापुढं आपटल्या. तो म्हणाला, "बाई, येकट्यासाठी चूल पेटवायची म्हंजी लय आवघड काम असतंय." मला ते पुरतं कळलं. मीही एकटीसाठी स्वयंपाक करावा लागला असता तर उपाशीच झोपले असते.

या दत्तूला शाळेत डावखुरेपणाबद्दल रोज छड्या बसत. केरबानं त्याला डाव्या हातात ब्रश धरलेलं बघितलं आणि लगेच उजव्या हातातही एक दिला. "दोनी हात चालवणारा शिडीवर लय कामाचा. खाली उतरून शिडी सरकवाय नगं." पोरगा अंगानं जरा ताठ चालायला लागला. उजव्या हातानं त्याचं अक्षरही सुधारलं, आणि त्याचं श्रेय छडीवाल्या मास्तरांनी घेतलं.

आणि चंद्रा. तिची आई हळदीच्या वखारीत काम करायची आणि सुटीच्या दिवशी पोरीलाही न्यायची. चंद्राचे हात मनगटापर्यंत पिवळे असत. मुली तिला नवरी म्हणून चिडवायच्या. माझ्याच वर्गात होती, पण दोन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकला नव्हता. हात सदैव ओच्यात लपवलेले. पाटीवर लिहायला सांगितलं तरी रडायची. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, आणि शेवटी, खरं सांगायचं तर, तिला मठ्ठ समजून सोडून दिलं. एक दिवस ती शेडच्या खांबाआड येऊन उभी राहिली. केरबानं तिचे हात बघितले आणि म्हणाला, "ह्यो रंग कुठनं आणलास गं? माज्याजवळ पिवळा न्हाई. मला दे की थोडा."

दुसऱ्या दिवशी चंद्रानं वखारीतली झाडून काढलेली हळद चिंधीत बांधून आणली. महिन्याभरात ती शेडमधल्या पिवळ्या रंगाची मालकीण झाली. कुणाला किती द्यायचा, हे ती ठरवायची. एकदा दत्तूनं जास्त घेतला तर ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "हळद उन्हात उडती म्हायती न्हाई व्हय रं? सावलीतल्या चित्राला लाव!" मी स्टुलावरून उठलेच. दोन वर्षांनी मुलीला कंठ फुटला होता, आणि तो माझ्यामुळं नव्हे. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला.

केरबाचं एक म्हणणं होतं, की जगात सातच जागा आहेत. राजवाडा, दरबार, बाग, जंगल, नदी, झोपडी आणि रस्ता. कुठलंही नाटक आणा, या सात पडद्यांत बसतं. पोरांना तो हे सातही शिकवायचा. ते जमले की म्हणायचा, "आता आठवा आण. माज्याजवळ नसलेली जागा आण." मग पोरं आपापल्या जागा आणत. कुणी गिरणीचं जोतं आणलं, कुणी कृष्णेच्या घाटाची शेवटची पायरी, कुणी बाप पलटणीत गेल्यावर रिकामी राहिलेली खुंटी. चंद्रानं वखारीच्या आतलं चित्र काढलं. पोत्यांच्या थप्प्या, वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन, त्या उन्हात तरंगणारी हळदीची धूळ आणि त्या धुळीत वाकलेली आई. जवळून बघावं तर नुसते पिवळे-काळे फराटे. चिंचेपाशी गेल्यावर ती बाई हलते आहे असं वाटायचं. केरबा तीनदा चिंचेपाशी जाऊन आला. मग म्हणाला, "ही जागा मला सुचली न्हाई, बावीस वरसांत."

त्याच सुमाराला बोलपटाच्या थेटराच्या मालकानं त्याला कायमच्या नोकरीला बोलावलं. दारावरचे मोठे बोर्ड रंगवायचे, राहायला खोली, जेवणही तिथंच. अट एकच, संध्याकाळच्या खेळाआधी थेटरात हजर पाहिजे. केरबा म्हणाला, सकाळी या म्हणा, दुपारी म्हणा, पाच ते सात जमणार नाही. मालकानं दुसरा माणूस ठेवला. मी त्याला वेड्यात काढलं. त्यावर तो म्हणाला, "बाई, दिवसभर माज्याशी पोत्यांबिगार कोन बोलत न्हाई. पाच वाजल्यावर पंचवीस जनं बोलत्यात." मे महिन्याच्या सुटीत तर त्याची पार दशा होई. शाळा बंद असताना एकदा सहज गेले तर हा शेडच्या पायरीवर बसलेला. मी विचारलं, इथं काय करता? म्हणाला, "किती दिस ऱ्हायलं वो अजून?"

पुढच्या वर्षी हेडमास्तर बदलून गेले आणि शाळा समितीची नजर शेडवर पडली. धान्य साठवायला जागा हवी होती. समितीचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी. ते म्हणाले, पोरं रंग फासत बसतात त्याला शिक्षण म्हणायचं तर काही दाखला दाखवा. सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षेला पोरं बसवा. एक जरी पास झालं तरी वर्ग राहील. नाहीतर शेड धान्याला.

केरबानं पाच पोरं निवडली. चंद्रा आणि दत्तू त्यांत होतेच. लोटा, पुस्तक, फुलदाणी, जे समोर ठेवाल ते पोरं अशी काढत की मला शंकाच राहिली नाही. वर्षभर तो वर्ग आणि आम्ही दोघं त्या परीक्षेसाठी जगलो म्हटलं तरी चालेल.

परीक्षेचं केंद्र त्या वर्षी साताऱ्याला होतं. मुली होत्या म्हणून मीही बरोबर गेले. मिरजेहून गाडी धरली. कऱ्हाड गेलं, कोरेगाव गेलं, सातारा रोडला उतरून मोटारीनं गावात आलो. केरबानं इस्तरीचं धोतर नेसलं होतं आणि बंडीवरचे रंगाचे डाग झाकायला वरून कुणाचा तरी कोट चढवला होता. रस्ताभर तो पोरांना सांगत होता, "भ्यायचं न्हाई. रोज करताय तसंच करायचं."

तेवढंच पोरांनी केलं.

पोरं परीक्षेच्या हॉलमध्ये गेली, आम्ही दोघं आवारातल्या वडाखाली बसलो. अर्ध्या तासात पाचही जणं बाहेर येताना दिसली. केरबा आनंदानं उठून उभा राहिला. "झालं बी? बगा बाई, किती चलाख!" जवळ आल्यावर दिसलं की चंद्रा रडते आहे.

झालं होतं ते असं. समोर लोटा ठेवला होता. दत्तूनं त्याची कड काढली, पेन्सिल ठेवली, उठला, बाकांच्या ओळीतून शांतपणे मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला, वळला, डोळे बारीक केले आणि आपला कागद बघितला. त्याच्यामागून बाकीची चारही उठली. पर्यवेक्षकांना आधी वाटलं, पाणी प्यायला निघाली असतील. मग त्यांना दिसलं, की सांगलीची पोरं दुसऱ्यांच्या बाकांमधून हिंडतात आणि डोळे बारीक करून कागद बघतात. याचा अर्थ कुठल्याही मास्तरानं काढला असता तोच त्यांनी काढला. कागद काढून घेतले, नावं लिहून घेतली आणि पोरांना बाहेर काढलं.

परीक्षेत जागेवरून उठायचं नसतं, हे पोरांना सांगायचं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. केरबा जन्मात परीक्षेला बसला नव्हता. पण मी? मी शेकडो पोरांना परीक्षेला बसवलं होतं! इतके दिवस त्या स्टुलावर बसून मलाही ते उठून जाणं चित्राचाच भाग वाटायला लागलं होतं.

मी आत जाऊन पर्यवेक्षकांना सगळं सांगितलं. माणूस कडक होता, दुष्ट नव्हता. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तसं असेल. पण मी रिपोर्ट पाठवणारच. तुमच्या शाळेनं लेखी खुलासा द्यावा, की वर्गात पद्धतच अशी आहे आणि तुम्ही ती रोज स्वतः पाहिली आहे. मग पोरांना पुन्हा बसू देण्याची शिफारस मी करतो."

म्हणजे सगळं माझ्या चार ओळींवर आलं. येताना गाडीत मी केरबाला म्हटलं, "काळजी करू नका, मी लिहून देते." त्यानं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

रिपोर्ट आला, समितीची बैठक ठरली. बैठकीच्या आदल्या दिवशी जेवताना भाऊ ताटात बघत म्हणाला, "तुझी शाळा पाचला सुटते ना?" मी म्हटलं, हो. तो हात धुवायला उठला. वहिनी मागाहून मोरीपाशी हळूच म्हणाली, "वन्सं, लोक विचारतात हो. तो पडदेवाला एकटा, तुम्ही अशा. मी काय उत्तर देऊ?" मला हसू आलं आणि नंतर रात्रभर भीती वाटली. नोकरी गेली तर त्या घरात मी कोण होते?

बैठकीत अध्यक्षांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, त्या वर्गात काय चालायचं, हे तुम्ही रोज स्वतः बघत होता का?"

प्रश्न सरळ होता. त्यात वाकडं काही असेल-नसेल, ते माझ्या डोक्यात होतं. समितीतली पाचही माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "मी फक्त किल्ली देत होते."

वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता आलं नाही. खरं म्हणजे आलं असतं. मी घेतलं नाही.

मग केरबाला आत बोलावलं. मी काय बोलले ते त्यानं ऐकलं नव्हतं. तो पोरांची चित्रं घेऊन आला होता, ती कुणी पाहिली नाहीत. अध्यक्ष म्हणाले, पोरांनी कॉपी केली आहे, पाचही नावं शाळेतून कमी करावी लागतील. केरबा एकदम खाली बसला, हात जोडले आणि म्हणाला, "पोरांची नावं काढू नगा. पोरांनी चोरी न्हाई केली. म्या शिकिवलं त्येच चुकीचं हाय. शिकिवणाऱ्याला घालवा." समितीला हा तोडगा सोयीचा वाटला. पोरं शाळेत राहिली. शेडमध्ये दुसऱ्याच आठवड्यात ज्वारीची पोती आली.

बाहेर फाटकापाशी तो माझी वाट बघत उभा होता. खुलाशाचं काय झालं, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं ते वेगळंच. "बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, चुकलंच न्हवं माजं?"

"नाही" एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग आत का बोलला नाहीत. मी म्हटलं, "मला चित्रातलं काय कळतंय?" त्यानं मान डोलावली, अगदी गाडीत डोलावली होती तशीच. दोन-तीन दिवसांनी कळलं, की तो सांगली सोडून गेला. कुठं गेला ते पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारणारी मी एकटीच होते. पुढं कितीतरी दिवस पाच वाजले की पोरं शेडपाशी येऊन उभी राहायची, कुलूप बघायची आणि पांगायची. मी त्यांना टाळून दुसऱ्या दारानं घरी जायची. इतकं एकटं मला नवरा गेल्यावरही वाटलं नव्हतं.

पोरांचं पुढं बरं झालं. चंद्रा फायनल पास होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. तिथं तिनं ड्रॉइंगची परीक्षाही दिली, जागेवर बसून, आणि पहिली आली. आता ती इतकी बोलते की तिच्या वर्गातल्या पोरींना बोलायची संधी मिळत नसेल, असं मला वाटतं.

केरबा मला त्यानंतर एकदाच दिसला. स्वराज्य येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी मावशीकडं कोरेगावला निघाले होते. बेंदराचा दिवस होता. एका फाट्यावर मोटार थांबली, ड्रायव्हर चहाला गेला. समोरच्या वस्तीवर बैलं धुऊन उभी केली होती आणि एक उंच म्हातारा त्यांची शिंगं हिंगुळानं रंगवत होता. आवाज ऐकला आणि मी खाली उतरले.

त्यानं मला ओळखलं. चटकन उठला, हात बंडीला पुसले. "बाई! पोरं बरी हायती न्हवं? शाळेतनं काढलं न्हाई न्हवं कुनाला?" मी म्हटलं, सगळी शिकली. चंद्राचं सांगितलं, पहिली आल्याचंही सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. मग म्हणाला, "म्या शिकिवलेलं इसरली आसंल. लय बरं झालं."

इतक्यात वस्तीवरची सात-आठ वर्षांची एक पोरगी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, मला द्या की कुच्चा. येक शिंग म्या रंगिवते. शिकवा की मला."

"शिकवत न्हाई म्या," तो तिला म्हणाला. "जा. दुसऱ्या कुनाकडनं शीक. माजं शिकिवलेलं चुकतंय." रागानं नव्हे. दुकानात माल संपलाय असं सांगावं, तसं साधं सांगितलं त्यानं.

एक वाक्य माझ्याजवळ होतं. वर्ग तुमच्या चुकीनं नाही बंद पडला, मी खोटं बोलले म्हणून पडला. फाट्यावर मला ओळखणारं कुणी नव्हतं, भाऊ नव्हता, समिती नव्हती. माझी नोकरी तोवर कायम झाली होती. ड्रायव्हरचा चहा अजून यायचा होता. मी म्हटलं, "येते हं, केरबा. मोटार सुटेल." आणि मोटारीत जाऊन बसले. मोटार त्यानंतर चांगली पंधरा-वीस मिनिटं तिथंच उभी होती.

मी खिडकीतून बघत होते. ती पोरगी काही गेली नाही. बैलाला वळसा घालून ती त्याच्या बाजूला आली आणि त्याच्या हाताकडं बघत उकिडवी बसली. केरबानं थोडा वेळ तसंच काम केलं. मग ते शिंग अर्धंच सोडून रंगाचा डबा उचलला, बैलाच्या पलीकडच्या अंगाला गेला आणि तिकडचं शिंग रंगवायला लागला.